मुंबईची एकोणचाळीस मिनिटं

मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे. वर्षाची सरासरी धरली तर बारा एकोणचाळीसच्या सुमारास येतो. विश्वास बसत नसेल तर गच्चीत एक काठी उभी करा आणि तिची सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते बघा. फेब्रुवारीत पाऊण वाजून जातो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेबाराच्या आतच काम होतं. पण बाराला कधीच नाही. 'भर बाराचं ऊन' म्हणून आपण डोक्यावर रुमाल घेतो, तेव्हा त्या उन्हाला अजून चढायचं असतं.

हिशोब सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे ७२ अंश ५० कलांवर, म्हणून तिची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. आपलं घड्याळ मात्र चालतं साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवर, जी उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. ती ५ तास ३० मिनिटं पुढे. वजाबाकी केली की उरतात ३९ मिनिटं.

शाळेत आधुनिक जगाचा इतिहास आम्हाला वेगवेगळ्या धड्यांत विभागून मिळाला. एका धड्यात विज्ञान आणि नवे विचार, दुसऱ्यात फ्रेंच राज्यक्रांती, तिसऱ्यात वाफेचं इंजिन, चौथ्यात साम्राज्यवाद. प्रत्येकाच्या शेवटी 'कारणे व परिणाम'. हे धडे एकमेकांना ओळखतात असा संशयही कधी आला नाही. मला ते एका ठिकाणी भेटले ते या वजाबाकीत, तेही बरंच उशिरा.

सुरुवात समुद्रावर होते. जहाज उत्तर-दक्षिण कुठे आहे हे ताऱ्यावरून कळायचं, पण पूर्व-पश्चिम कुठे आहे हे कळायला आपल्या निघाल्या बंदरात आत्ता किती वाजलेत ते ठाऊक असावं लागतं. लंबकाचं घड्याळ हेलकाव्यात टिकत नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली यावर २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. ते काम केलं जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराने. कॉलेजात न गेलेला माणूस, आयुष्य घालवलं घड्याळांपायी, आणि बक्षिसाचे पैसे हाती पडेपर्यंत म्हातारा झाला. १७६१ साली त्याचं चौथं घड्याळ, साधारण तळहाताएवढं, जहाजावरून जमैकाला निघालं. एवढ्या प्रवासात ते जेमतेम पाच सेकंद मागे पडलं. जमैका हे नाव इथे उगाच आलेलं नाही; ऊस, साखर आणि गुलामांच्या श्रमांवर चालणारं ते बेट ब्रिटनची दुभती गाय होतं. घड्याळाची परीक्षा तिथवरच्या वाटेवर झाली, कारण घड्याळ हवं होतं ते त्याच वाटांसाठी.

मुंबईतही सुरुवात बंदरापासूनच. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली ती ताऱ्यांच्या प्रेमाने नव्हे. बंदरात आलेल्या जहाजांना घड्याळं जुळवून घ्यायला अचूक वेळ हवी होती. आणि तिथेच एक मराठी मुलगा कामाला लागला, केरो लक्ष्मण छत्रे. प्रोफेसर ऑर्लिबारांच्या हाताखाली वेध घेता घेता केरूनाना गणिती झाले. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टकें' छापली आणि पुढे युरोपीय वेधांच्या आधारावर नवं पंचांग काढलं, तेच पटवर्धनी पंचांग. आपल्या पंचांगातलं ग्रहण आणि आकाशातलं ग्रहण जुळत नाही, तेव्हा चूक आकाशाची नसते, हे धाडसाने म्हणणारी ही मंडळी. डेक्कन कॉलेजात केरूनानांचा लाडका विद्यार्थी होता बाळ गंगाधर टिळक, आणि शुद्ध पंचांगाचा ध्यास टिळकांनी शेवटपर्यंत सोडला नाही. व्यापारी कंपनीने जहाजांसाठी आणलेली विद्या अशी पुण्यात येऊन एकादशी कधी धरायची याचा वाद घालू लागली. मला ही वळणं फार आवडतात. दिलेल्याने एका कामासाठी दिलं, घेतलेल्याने भलतंच केलं.

जमिनीवर मात्र अजून जो तो आपापल्या सूर्याचा होता. इंग्लंडमध्येसुद्धा. ब्रिस्टल लंडनच्या दहा मिनिटं मागे असे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घोडागाडीला दहा मिनिटांचं काय? आगगाडी आली आणि पंचाईत झाली. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. ब्रिस्टलकरांनी तडजोड म्हणून कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे बसवले, एक गावाचा, एक लंडनचा. ते घड्याळ अजून तिथे आहे. आमच्या घरी आजोबा भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवायचे आणि घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात दहा वजा करायचा. ब्रिस्टलकरांना हे आवडलं असतं.

लँकेशायरच्या गिरणगावांत वेळ दारावर टकटक करत यायची, तीही अक्षरशः. गल्लीगल्लीत माणसं असायची, बरेचदा म्हातारे किंवा बायका, ज्यांचा धंदाच लोकांना उठवण्याचा. हातात लांब बांबू, टोकाला तारा. पहाटे अंधारात माडीवरच्या खिडकीच्या काचेवर तो खरवडायचा, आतून हालचाल दिसली की पुढच्या खिडकीकडे. आठवड्याला काही पेनी. मजुराकडे घड्याळ कुठून असणार? आणि असलं तरी काही मालकांना ते गिरणीत आणलेलं खपत नसे, कारण गिरणीचं घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे सरकवलं जातं अशा तक्रारी होत्या. ज्याच्या हातात काटा, त्याच्या हातात दिवस.

फ्रान्समध्ये क्रांतिकारकांना वेळ मुळातूनच नवी हवी होती. १७९३ मध्ये त्यांनी दिवस दहा तासांचा केला, तास शंभर मिनिटांचा, आणि आठवडा दहा दिवसांचा. कागदावर किती स्वच्छ! पण कष्टकऱ्याने हिशोब वेगळा केला: पूर्वी सातव्या दिवशी विसावा मिळायचा, आता दहाव्या. दहा तासांचं घड्याळ दोन वर्षंही टिकलं नाही आणि नवं कॅलेंडर १८०६ च्या आरंभी नेपोलियनने गुंडाळलं. बुद्धिवादाने मीटर आणि किलोग्रॅम जगाला दिले, पण सुट्टीला हात लावला तिथे फसला.

आता मुंबई. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती दुपारी साडेतीनच्या सुमारास, असं आपण पाठ केलंय. ते साडेतीन अर्थातच मुंबईच्या सूर्याचे होते. आजच्या घड्याळात चार वाजून गेले असते. पुढे लोहमार्ग देशभर पसरले, आणि रेल्वेला एक वेळ हवी म्हणून मद्रासची निवडली गेली. मद्रास साधारण मध्यावर, शिवाय तिथे जुनी वेधशाळा. मुंबई आणि मद्रास यांत अर्ध्या तासाचा फरक. म्हणजे शहरात एक वेळ आणि स्टेशनात दुसरी. गाडी चुकवणाऱ्यांची चैनच असणार.

१८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी, म्हणजे ज्यांच्या नावाने पुण्यात कॉलेज आहे त्यांनीच, सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लावला. मुंबईकर बिथरले. व्यापारी, वकील, वर्तमानपत्रं सगळ्यांनी कुरकुर केली: आमचा सूर्य आमच्या डोक्यावर असताना आम्ही मद्रासच्या सूर्याने कचेरीत का जावं? भांडण विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरपर्यंत पोचलं. त्या घड्याळाने कोणाची वेळ सांगायची, आणि सरकारला नको असलेली वेळ सांगितली तर रात्री त्याच्या दिव्यांचा खर्च कोणी द्यायचा, असा तो घोळ. शेवटी १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली.

राजाबाई टॉवरपाशी जरा थांबतो. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशातून हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. आई दृष्टिहीन होती, जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवायचं, म्हणून तिला वेळ ऐकू यावी यासाठी टोले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. पण पैसा कुठून आला ते जास्त रंजक. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळं जग वऱ्हाड-गुजरातच्या कापसावर तुटून पडलं. मुंबईत सोन्याचा पूर आला. प्रेमचंद शेअरबाजाराचे राजे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या, बँक ऑफ बाँबेचाही बोजवारा उडाला, प्रेमचंदही आपटले. पण विद्यापीठाला दिलेलं दान उरलं.

आणि त्याच युद्धाकडे पुण्यात एक माणूस वेगळ्याच डोळ्यांनी बघत होता. तरुणपणी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचून ढवळून निघालेले जोतीराव फुले. अमेरिकन आणि फ्रेंच, दोन्ही क्रांत्यांत वावरलेल्या पेनचे विचार इंग्रजी शाळेच्या वाटेने गंजपेठेत आले होते. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. एकाच युद्धातून मुंबईला मनोरा मिळाला आणि पुण्याला ही अर्पणपत्रिका. कुठल्या गोष्टीने काय घडवलं असं कुणी सरळ रेघ ओढून सांगू लागला की मला हे दोन्ही आठवतं.

१८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी बसले आणि जगाची शून्य रेघ ग्रिनिचमधून जाईल असं ठरलं. बावीस बाजूने, सांतो डोमिंगो (आजचं डोमिनिकन रिपब्लिक) विरुद्ध, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. कारण शुद्ध व्यवहाराचं: जगातली बहुतेक जहाजं आधीच ग्रिनिचचे नकाशे वापरत होती. फ्रान्सने मात्र १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ चालवली, आणि अखेर नमलं तेही कसं? कायद्यात लिहिलं, 'पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे'. ग्रिनिचचं नावसुद्धा नाही! असला अस्सल ताठा पाहिला की मुंबईकरांचा हट्ट अगदीच पोरकट वाटत नाही.

तो हट्ट पुन्हा उसळला १९०६ मध्ये. १ जानेवारीपासून हिंदुस्थानला साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू झाली. बंगालच्या फाळणीला अडीच महिने झाले होते, स्वदेशीचं वारं होतं, आणि कर्झनच्या राजवटीत शिजलेल्या कुठल्याही गोष्टीकडे लोक संशयानेच बघत होते. रेल्वे आणि तारखातं नव्या वेळेवर गेलं, पण मुंबईने आपली वेळ सोडली नाही. महापालिकेतही यावरून रण माजलं. परिणाम असा की पुढची काही दशकं या शहरात दोन वेळा नांदल्या. निमंत्रणांवर आणि जाहिरातींत 'बाँबे टाइम' की 'स्टँडर्ड टाइम' ते लिहावं लागे. आमच्या घरच्या जुन्या कागदांत एक लग्नपत्रिका आहे; गोरज मुहूर्त, तास-मिनिटं, आणि पुढे कंसात 'स्टँ. टा.'. एकेकाळी लग्नात पाण्यावर तरंगणारं घटिकापात्र ठेवत, तळाला भोक असलेली वाटी चोवीस मिनिटांत भरून बुडाली की घटका झाली. तिला कुठलं स्टँडर्ड विचारायची गरजच नव्हती. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत ठेवली, मुंबईने त्याच्याही पुढे काही वर्षं.

ही कहाणी सहसा देशाभिमानाची म्हणून सांगितली जाते: साम्राज्याने घड्याळ लादलं, मुंबईने ठोकरलं. मला ती अर्धीच पटते. कारण १९०६ च्या जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली होती. गिरण्यांतले हजारो कामगार नव्या वेळेविरुद्ध काम सोडून बाहेर पडले, गिरण्यांवर दगड पडले. त्यांना ग्रिनिचशी काय देणंघेणं? नव्या काट्याने सहा वाजतात तेव्हा मुंबईच्या सूर्याने पाच एकवीस झालेले असतात. म्हणजे जानेवारीच्या थंडीत, मिट्ट अंधारात, आणखी एकोणचाळीस मिनिटं आधी पाय उचलायचे. काही महिन्यांपूर्वीच गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि मालकांनी चौदा-पंधरा तास काम ओढायला सुरुवात केली होती. त्यावरूनही १९०५ मध्ये दंगे झाले होते. सकाळ आधी सुरू झाली तर संध्याकाळ आधी संपेल याची हमी कोण देणार होतं? सभागृहात शहराच्या मानासाठी भांडणारे सद्गृहस्थ आणि दगड उचलणारा मागावरचा साचेवाला एकाच बाजूला उभे दिसतात, पण त्यांचं भांडण एक नव्हतं. त्या सद्गृहस्थांपैकी काहींचे गिरण्यांत शेअर्सही असणारच.

म्हणून घड्याळ आलं आणि माणूस गुलाम झाला, त्याआधी कसा सूर्याबरोबर सुखात होता, असं कुणी हळवं होऊन लिहिलं की मी जरा सावरून बसतो. मुंबईच्या गिरण्या पहिली काही दशकं सूर्यावरच चालल्या. दिवस उगवला की चालू, मावळला की बंद. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम चांगलं तेरा-चौदा तासांचं. निसर्गाशी एकरूप असलेलं हे वेळापत्रक भयंकर होतं.

नारायण मेघाजी लोखंडे यांना हे नेमकं कळलं होतं. जोतीरावांचे सहकारी, स्वतः गिरणीत स्टोअरकीपर राहिलेले, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. आणि कामाची वेळ? सकाळी साडेसहा ते सूर्यास्त.

या शेवटच्या मागणीपाशी मी अडकतो. एक टोक घड्याळाचं, एक सूर्याचं. सकाळी मालकाला काट्याने बांधायचं, कारण उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवून मजुराचा घात करतो. संध्याकाळी मात्र सूर्यालाच साक्षीला उभं करायचं, कारण मालकाचं घड्याळ भरवशाचं नाही आणि बुडालेला सूर्य कुणाला मागे सरकवता येत नाही. दोन्ही काळ ज्यांनी अंगावर घेतले त्यांनाच सुचावी अशी ही मागणी आहे. अर्थशास्त्राच्या किती पुस्तकांत इतकी अक्कल एका ओळीत सापडेल?

रविवारचंही तसंच. साहेबाचा रविवार चर्चसाठी, गिरणीवाल्याचा खंडोबासाठी. शिवाय सहा दिवस मालकाचं काम केलं तर एक दिवस समाजाच्या कामासाठी हवा, असं लोखंड्यांचं म्हणणं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहाएक हजार कामगार जमले, दोन गिरणीकामगार बायकांनी भाषणं केली, आणि १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला. पॅरिसच्या क्रांतिकारकांनी जो विसावा कष्टकऱ्याकडून काढून घेतला, तो इथे कष्टकऱ्यांनी मागून मिळवला. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले.

पुढे तासांची लढाई कायद्यात शिरली. १९११ ला पुरुषांसाठी बारा तास, १९२२ ला अकरा, १९४८ ला आठवड्याचे अठ्ठेचाळीस. तास मोजता येतात म्हणून तास कमी करून मागता येतात. साम्राज्याने, कारखान्याने घड्याळ आपल्या सोयीसाठी आणलं. कामगाराने ते उलटं धरून त्यांच्याच तोंडासमोर नाचवलं. केरूनानांच्या पंचांगाइतकंच हेही मला आवडतं.

माझे आजोबा साचेखात्यात होते तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, मग रातपाळी. भोंगा झाला की मशीन सोडून निघायचं, एक मिनिट जास्त नाही. यात त्यांना उर्मटपणा नव्हे, हक्क वाटायचा. चाळीतल्या खोलीत गावचे आठ-दहा जण राहायचे, पहिल्या पाळीवाल्याच्या वळकटीवर रातपाळीवाला येऊन पडायचा. आजी त्या सगळ्यांची खाणावळ चालवायची. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुसऱ्या पाळीवाल्यांचं जेवण दुपारच्या आत, रात्री बारानंतर परतणाऱ्यांसाठी पुन्हा चुलीवर काहीतरी. वार्षिक भरपगारी रजा, ओव्हरटाइम, बोनस यांवर खोलीत तावातावाने चर्चा चालायची ती तिच्या भाकऱ्या खात. एकदा मी तिला विचारलं होतं, आजी, तुझे किती तास भरायचे गं? ती म्हणाली, "मला कोण भोंगा देणार होतं?" आणि मग आजोबांच्या दहा मिनिटं पुढच्या घड्याळाबद्दल बोलली, की ते त्यांच्या पाळीसाठी लावलेलं होतं, त्यात तिचा काही संबंध नव्हता.